टँटो ब्लेडचा चाकू ट्रेकला आणि रोजच्या वापराला घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की पहिलाच चांगला फोल्डिंग चाकू घ्यायचाय, ट्रेकला आणि रोजच्या किरकोळ कामाला, टँटोचं पातं दिसायला आवडलंय पण ते साध्या ड्रॉप पॉइंटपेक्षा खरंच कामाचं असतं का. मी भोसरीला एका कंपनीत डिस्पॅचला आहे, दिवसाला पन्नास-साठ खोकी तरी उघडतो, कामावर सहा वर्षं टँटोच वापरतोय आणि सुट्टीत गडांवर जाताना सॅकमधे ड्रॉप पॉइंट असतो, त्यामुळे दोन्हीचा हात बसलाय. तुम्ही ट्रेक आधी लिहिलंय म्हणून मी सांगेन ड्रॉप पॉइंट घ्या. पण टँटो वाईट म्हणून नाही, त्याचं काम वेगळं आहे म्हणून, आणि ते काम काय हे नीट कळलं तर कदाचित तुम्ही दोन्ही घ्याल.

आधी आकार समजून घ्या. साध्या, म्हणजे ड्रॉप पॉइंट, चाकूची धार मुठीपासून सरळ येते आणि पुढे गोलाई घेत टोकाला जाते. टँटोत ती गोलाईच नसते. एक लांब सरळ धार, मग एकदम कोन, आणि तिथून वर टोकापर्यंत दुसरी छोटी सरळ धार. म्हणजे एका सुरीला पुढे छोटी पटाशी जोडली असं समजा. हा कोपरा जिथे दोन धारा भेटतात तोच टँटोचा सगळा जीव आहे, फायदेही तिथूनच येतात आणि त्रासही तिथूनच.

नावामुळे लोकांना वाटतं की हे सामुराईंचं जुनं डिझाइन आहे, तर तसं नाही. जपानी टांतो म्हणजे एक शाकूपेक्षा, म्हणजे साधारण ३० सेंटीमीटरपेक्षा, कमी लांबीच्या पात्याची कट्यार, आणि बहुतेक जुन्या टांतोंची धार टोकाकडे छान गोलाईनेच जाते, असा तुटक कोपरा त्यात नसतो. आपण दुकानात बघतो तो कोनाचा आकार अमेरिकेतला, १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या कोल्ड स्टील कंपनीने तो घरोघरी पोचवला. हे सांगायचं कारण एवढंच की "शेकडो वर्षं पारखलेला आकार" असं वाचून घेऊ नका, काय कामाचा आहे ते बघून घ्या.

आता खोकं. टेप लावलेलं कार्टन उघडताना सगळ्यात मोठी भीती आतला माल कापला जाण्याची, आमच्याकडे आत रबरी सील असतात, एक ओरखडा आला की तो पीस रिजेक्ट. ड्रॉप पॉइंटने टेप कापताना टोक वापरावं लागतं आणि टोक किती आत गेलंय ते हाताला कळत नाही. टँटोत मी टोक वर ठेवतो, मूठ थोडी उचलतो आणि फक्त तो कोपरा टेपवर टेकवून स्वतःकडे ओढतो. सगळा जोर एका बिंदूवर येतो म्हणून टेप लगेच तुटतो, आणि कोपरा पसरट कोनाचा असल्यामुळे तो दोन-तीन मिलिमीटरच्या खाली सहज उतरत नाही, उतरायला लागला तर हाताला लगेच जड लागतं. हे एकदा हाताला बसलं की चटक लागते. कागद, रेक्झिन, फोमची शीट, पट्टीला लावून सरळ रेघ मारायची असेल तरी कोपराच वापरायचा, पेन धरल्यासारखं चालतं.

दुसरं म्हणजे पुढची छोटी धार. तिने खरवडायचं. बारकोडचे जुने स्टिकर, वाळलेला एमसील, फ्लँजवर चिकटून बसलेलं गॅस्केट, हे सगळं मी पुढच्या धारेने काढतो, ती खराब झाली तरी मागची लांब धार तशीच तयार राहते. एकाच चाकूत दोन स्वतंत्र धारा मिळतात, ह्याचं कौतुक फार कुणी करत नाही पण रोज काम करणाऱ्याला हाच मोठा फायदा आहे.

टोकाबद्दल मात्र गैरसमज भरपूर. टँटोचं टोक मजबूत असतं हे खरं, कारण पाठीची जाडी जवळजवळ टोकापर्यंत तशीच येते, ड्रॉप पॉइंटला ती हळूहळू पातळ होत जाते. माझ्या एका चाकूचं पातळ टोक रंगाच्या डब्याचं झाकण उचकटताना दीड मिलिमीटर तुटलंय, टँटोला सहा वर्षांत काही झालेलं नाही. (चाकूने उचकटायचं नसतं, तेव्हा स्क्रूड्रायव्हर हाताशी नव्हता.) पण मजबूत टोक म्हणजे पटकन घुसणारं टोक असं लोक समजतात, व्हिडिओत पत्र्याचा डबा भोसकून दाखवतात त्यामुळे. जाड टोक घुसायला उलट जास्त जोर लागतो, ते मोडत नाही एवढंच. दाभण बारीक असते म्हणून चामड्यातून जाते, खिळा जाड असतो त्याला ठोकावं लागतं, तसंच. आणि टँटोचं टोक पाठीच्या रेषेत अगदी वर असतं, बोटापासून लांब, त्यामुळे काटा काढणं, शिवण उसवणं असल्या बारीक कामात ते हातात राहत नाही.

आता खाणं, इथे तुमचा ट्रेक येतो. गडावर पोचल्यावर भेळेसाठी कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर चिरायची, ताट किंवा डब्याचं झाकण हाच पाट. विळीचं पातं वाकडं का असतं ते आठवा, भाजी पुढे ढकलली की गोलाईवरून ती सरकत कापली जाते. चाकूच्या गोलाईचंही तेच काम, मूठ वर-खाली झाली तरी धारेचा कुठला तरी भाग पाटाला टेकलेला राहतो. टँटोत मूठ जरा उचलली की फक्त कोपरा टेकतो, बाकी सगळी धार हवेत, आणि कांदा चिरून झाला असं वाटून उचलायला जावं तर फोडी खालच्या बाजूने एकमेकींना जोडलेल्या, माळ उचलल्यासारखी वर येते. वर कोपऱ्याने स्टीलच्या ताटावर चरे पडतात आणि कोपराच बोथट होतो. जाड पातं असेल तर गाजर चिरत नाही, कडकन फुटतं. ब्रेडला चटणी लावायलाही गोलाई लागते. फळ सोलणं जमतं, काठीची साल काढणं, तंबूची खुंटी तासणं तर छानच जमतं कारण मागची धार लांब आणि सरळ आहे, तिथे तक्रार नाही.

धार लावणं सोपं की अवघड, ह्यावर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं दिसेल आणि दोन्ही बरोबर आहे. सरळ धार दगडावर घासणं नवशिक्यालाही जमतं, गोलाईला हात वळवावा लागतो तसं इथे नाही. पण दोन्ही धारा वेगवेगळ्या घासायच्या, मागची झाली की थांबायचं, चाकू फिरवून पुढची सपाट टेकवायची आणि मग तिच्यावर काम करायचं. एका दमात दोन्ही घासायला गेलात की कोपरा गोल होतो आणि मग टँटो घेण्याचं कारणच संपलं. मी आधी दोन्ही धारांना काळ्या मार्करने रंगवतो, चार हात मारले की शाई कुठून गेली ते बघतो, कोपऱ्याच्या अलीकडची शाई शेवटपर्यंत गेली पाहिजे पण कोपरा घसरून पलीकडची जाता कामा नये. मागची मी एका बाजूला साधारण २० अंशाला ठेवतो आणि पुढची २५ ला, कारण ती खरवडायला लागते. ते ओढून धार लावायचे प्लॅस्टिकचे शार्पनर मिळतात ते टँटोला लावूच नका, चार-पाच वेळात कोपरा जातो. दारावर चाक घेऊन येणाऱ्यालाही देऊ नका, तो प्रेमाने सगळं गोल करून देतो.

घेताना एक बघा, काही मॉडेल एकाच बाजूने घासलेली असतात, पटाशीसारखी. ती कापताना एका बाजूला ओढतात, पुठ्ठा सरळ कापता येत नाही, पहिला चाकू म्हणून नको. आणि "रिव्हर्स टँटो" लिहिलेलं दिसलं तर तो वेगळा प्रकार आहे, त्यात कोन पाठीवर असतो आणि धारेला नेहमीसारखी गोलाई असते, बेंचमेड कंपनीचा ९४० हा त्यातला नावाजलेला. दिसायला टँटोसारखं हवं आणि कांदाही चिरायचाय, तर हा तुमच्यासाठी.

कायद्याचं म्हणाल तर शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख येतो, खिशातला चाकू त्याच्या बराच खाली असतो. पण सणासुदीला, निवडणुकीला पोलिसांचे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे मनाई आदेश निघतात आणि त्यात चाकू बाळगण्यावरही बंदी असते, त्यामुळे शहरात खिशात घेऊन फिरू नका. ट्रेकला जाताना सॅकच्या तळाशी, स्वयंपाकाच्या सामानात गुंडाळून ठेवा.

तुमच्यासाठी तीन इंची पात्याचा ड्रॉप पॉइंट, पात्याची जाडी तीन मिलिमीटरच्या आत, ह्यात ट्रेकचं सगळं भागतं. नंतर ऑफिसात खोकी उघडायचं काम वाढलं तर टँटो घ्या, आणि ऑनलाइन घेताना फोटो मोठा करून कोपरा बघा, तिथे दोन धारांमधली रेघ स्वच्छ दिसत नसेल आणि नुसता वळल्यासारखा असेल तर तो सोडून द्या, ते कारखान्यातूनच गोल झालेलं असतं.