सोलरचं पाणी कोमटच का?

प्रश्न : बोअरच्या पाण्यावर नळ्यांचा सोलर आहे. हल्ली पाणी जेमतेम कोमट येतं. नवा घ्यावा का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, घाई करू नका. आधी नळ्यांची टोकं पाहा. चंदेरी रंग जाऊन पांढरट दिसणारी नळी निर्वात राहिलेली नाही, म्हणजे तिच्या दोन काचांमधल्या पोकळीत हवा शिरली आहे आणि ती उष्णता धरत नाही. तेवढीच बदला. बाकी संशय क्षारांचा. जड पाण्याचा थर नळ्यांत, टाकीत बसतो, म्हणून डीस्केलिंग, म्हणजे तो थर काढून साफसफाई, करून घ्या. तेव्हा मेकॅनिकला मॅग्नेशियमचा रॉडही दाखवायला सांगा, आग्रहाने सांगा! तो स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो. काचा पहाटेच धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. जमल्यास बोअरऐवजी कृष्णेचं, कमी क्षारांचं नळाचं पाणी सोलरला जोडा.