ब्रिस्बेनमधलं जुनं घर उचलायचं असेल तर

तुम्ही विचारलंय की ऑस्ट्रेलियाच्या पीआरवर (कायम राहण्याच्या परवान्यावर) ब्रिस्बेनला आल्यावर जुनं क्वीन्सलँडर, म्हणजे इथलं खांबांवरचं लाकडी घर घेऊन, ते उचलून खाली आई-बाबांसाठी खोल्या काढता येतील का. येतील, आम्ही काढल्या. पण पीआर खरंच हातात येऊ द्या. १ एप्रिल २०२५ पासून निदान ३१ मार्च २०२७ पर्यंत टेम्पररी व्हिसावर जुनं घर सहसा विकत घेता येत नाही.

घर बघायला जाताना मेजरटेप न्या. ही लाकडी, पत्र्याच्या छपराची घरं खांबांवर उभी असतात. खांबांना इथे स्टम्प म्हणतात. वाळवी लपून वर जाऊ नये म्हणून त्यांच्या डोक्यावर पत्र्याच्या टोप्या असतात, त्याही नीट बघा. राहत्या खोलीची उंची साधारण २.४ मीटर तरी लागते. आमच्या घराखाली आधीच्या मालकाने गालिचा टाकून छान बेडरूम केली होती. ताबा मिळाल्यावर मोजली तर जेमतेम २.१ भरली. कागदोपत्री ती अडगळीची खोली!

मग घर उचललं. आधी नळ, गटार, वीज तोडून जिना काढला. घराखालून लोखंडी तुळया सरकवल्या आणि जॅकने जरा जरा वर घेत खाली लाकडी ठोकळ्यांची चवड रचत गेले. सगळं घर करकरत होतं, मला तर बघवेना. आतल्या भिंती फळ्यांच्या, त्यामुळे त्यांना काही झालं नाही. बाथरूमच्या फरश्या मात्र तडकल्या आणि दोन दारं अडकायला लागली. खरा पैसा त्यानंतर गेला: नवे खांब, खालच्या जमिनीची काँक्रीट स्लॅब, प्लंबिंग, जिना.

बरीच जुनी घरं, विशेषतः १९४६ पर्यंतची, काउन्सिलच्या (इथल्या महापालिकेच्या) संरक्षणात येतात. तिथे रस्त्यावरून दिसणारं रूप जपावं लागतं, म्हणून आधी चौकशी करा. भिंती-छताच्या जुन्या शीटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतू) असू शकतं, तपासल्याशिवाय ड्रिल लावू नका. आणि पुराचा धोका सांगणारा काउन्सिलचा फ्लडवाइज रिपोर्ट फुकट मिळतो, घराचा पत्ता टाकून तो काढाच. २०११ आणि २०२२ चे पूर इथे कोणी विसरलेलं नाही. जागा सखल असेल तर खालचा भाग मोकळाच राहू द्या, तिथे आई-बाबांना झोपवू नका.

आणखी एक. खालच्या बाथरूममध्ये शॉवरच्या जागी स्लॅब थोडी खोल ठेवायला ओतण्याआधीच सांगा, म्हणजे मध्ये उंबरठा येत नाही. आम्ही सांगायला विसरलो. बाबांना अजून रोज हात धरून आत न्यावं लागतं.