मेकफाइलमधलं एक्स्पोर्ट पुढच्या ओळीत का टिकत नाही

मेकफाइलमध्ये एका ओळीत एक्स्पोर्ट केलेलं व्हेरिएबल (म्हणजे इतर प्रोग्रॅमना वाचता यावं म्हणून नाव देऊन ठेवलेलं मूल्य) पुढच्या ओळीत का सापडत नाही, असं तू विचारलंस. तुझा एक्स्पोर्ट चुकलेला नाही, जागा चुकली आहे. मेक, म्हणजे मेकफाइल वाचून त्यातली कामं करणारा प्रोग्रॅम, रेसिपीतली (एका कामाच्या आज्ञांच्या यादीतली) प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवतं. पहिल्या ओळीत डेटाबेसचा पत्ता एक्स्पोर्ट केलास, ती ओळ संपली, तो शेल गेला आणि पत्ताही त्याच्यासोबत गेला. दुसऱ्या ओळीतल्या प्रोग्रॅमला तो दिसणार कुठून? मी यात अख्खी संध्याकाळ घालवली आहे, म्हणून कळकळीने सांगतो: एक्स्पोर्ट रेसिपीतून काढ आणि फाइलच्या वरच्या भागात, डावीकडे टॅब न देता लिही. मग ते सगळ्या टार्गेटांना, म्हणजे मेकफाइलमधल्या नाव दिलेल्या कामांना, मिळतं. एकाच टार्गेटला हवं असेल तर टार्गेटचं नाव, कोलन आणि त्याच ओळीत एक्स्पोर्ट.

रेसिपीत शेलचं व्हेरिएबल वाचताना डॉलरचं चिन्ह दोनदा दे. एकच दिलंस तर मेक ते स्वतःचं समजून आधीच उलगडतं, आणि बहुतेक वेळा हाती रिकामी जागा किंवा नावाचा उरलेला तुकडा येतो.

मेक संपल्यावर तुझ्या टर्मिनलमध्ये ते व्हेरिएबल शोधू नकोस. टर्मिनलने मेक सुरू केलं, म्हणजे टर्मिनल आई आणि मेक मूल; आणि मूल प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) आईचं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे तिच्याकडच्या व्हेरिएबलांचा संच, बदलू शकत नाही.

आणि पासवर्ड मेकफाइलमध्ये कृपा करून लिहू नकोस. फाइलींतला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासात एकदा गेला की नुसती ओळ खोडून तो जात नाही, पासवर्डच बदलावा लागतो.