जूनची शाळेची खरेदी पोटगीत धरायची का?

ताई, बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. परस्पर संमतीने घटस्फोट झालाय, मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत, दोघं तुमच्याकडे राहतात. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही करून कोर्टात दिलेल्या अटींच्या कागदात, लिहिलंय की मुलांच्या संगोपनासाठी वडील दरमहा ठरलेली रक्कम देतील आणि शाळेची फी वेगळी भरतील. पण जून आला की वह्या, पुस्तकं, युनिफॉर्मचे दोन दोन जोड, बूट, दप्तर, रेनकोट सगळं एकदम अंगावर येतं आणि ते म्हणतात पोटगीत सगळं आलं. यंदा तर मेच्या सुट्टीत मुलं त्यांच्याकडे होती तेव्हा टॅब घेऊन दिला आणि त्याचे पैसे जूनच्या रकमेतून कापून उरलेले पाठवले.

तर पहिलं म्हणजे, कापून घेता येत नाही. कोर्टाच्या हुकमात जी रक्कम आहे ती पूर्ण द्यायची, वळती करायची असेल तर तुमची लेखी संमती हवी नाहीतर कोर्टाची परवानगी, बापाने हौसेने मुलांना काही घेऊन दिलं तर ते गिफ्ट. तुम्ही त्यांना साधा मेसेज करा की जूनची रक्कम इतकी कमी आलीये, अमुक तारखेपर्यंत पाठवा. भांडण नको, टोमणा तर अजिबात नको, कारण हाच मेसेज उद्या कोर्टात वाचला जाणार आहे. नाहीच दिले तर फॅमिली कोर्टात वसुलीची दरखास्त टाकता येते. (ज्यांचा पोटगीचा हुकूम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालचा आहे, म्हणजे आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम 125, त्यांनी लक्षात ठेवा की थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो, बऱ्याच बायका 'बघू पुढे' म्हणत हे वर्ष घालवतात.)

आता खरा प्रश्न, जूनच्या खर्चाचा. इथे तुमच्या टर्म्स लिहिणाऱ्याने घोळ घातलाय असं माझं स्पष्ट मत आहे. 'शाळेची फी' म्हटलं की शाळेच्या पावतीवर जे असतं ते, वह्या आणि बूट त्यात आपोआप येत नाहीत, आणि 'संगोपन' म्हटलं की समोरचा वकील म्हणणार कपडालत्ता संगोपनातच आला ना. त्यामुळे आहे त्या कागदावर तुम्ही जूनचे पैसे हक्काने मागायला गेलात तर गाडी अडू शकते. पण तो कागद बदलता येतो, आणि हेच बहुतेकांना माहीत नसतं. तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं आहे, त्यातल्या कलम 26 नुसार मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण याबद्दलचा हुकूम डिक्री (घटस्फोटाचा अंतिम हुकूम) झाल्यावरही कोर्ट बदलू शकतं. 'यापुढे कुठलीही मागणी करणार नाही' असं तुम्ही सही करून दिलं असलं तरी घाबरू नका, ते तुमच्यापुरतं, मुलांचा हक्क आईने किंवा बापाने परस्पर सोडून दिला असं कोर्ट सहसा मानत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा 1956 मध्ये तर निर्वाहाच्या व्याख्येतच अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी यांच्यासोबत शिक्षण आहे.

सुप्रीम कोर्टाचा 4 नोव्हेंबर 2020 चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल तुमच्या कामाचा आहे. त्यात म्हटलंय की मुलांच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी करायचा, पण आई कमावती असेल आणि पुरेसं कमावत असेल तर दोघांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. तुम्ही नोकरी करता. म्हणजे शंभर टक्के मागू नका, तुमच्या आणि त्यांच्या पगाराचं प्रमाण काढा आणि तेवढाच वाटा मागा, अशी मागणी कोर्टाला पटकन पटते. दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल, तेव्हा तुमचाही पगार लपवायचा नाही.

हुकूम बदलून मागायच्या अर्जात नुसतं 'रक्कम वाढवून द्या' लिहू नका. वेगळं कलम मागा, की दरवर्षी शाळेची यादी मिळाल्यावर आठ दिवसांत ती वडिलांना पाठवली जाईल आणि पुस्तकं, वह्या, युनिफॉर्म, बूट, दप्तर यांचा अमुक टक्के खर्च बिल दाखवल्यापासून इतक्या दिवसांत ते देतील. वस्तूंची नावं लिहाच, 'इतर शैक्षणिक खर्च' असं मोघम लिहिलं की पुढच्या जूनला पुन्हा तोच वाद.

आणि बिलं. दुकानदार चिठोऱ्यावर आकडा लिहून देतात ते कोर्टात चालवायचं कसं? पक्कं बिल मागा, ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीये, नाही दिलं तर 1915 वर तक्रार करता येते. बिल मिळालं की कराचा रकाना पण बघा, 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवर जीएसटी शून्य आहे, तरी कुणी लावला असेल तर तिथेच विचारा. शाळेची छापील यादी बिलाला जोडून ठेवा. यादीत साधं दप्तर असेल आणि तुम्ही ब्रँडेड घेतलं असेल तर तो फरक तुमचा, हे मी माझ्या अशिलांना पण सांगते आणि त्यांना ते आवडत नाही.

या जूनचे पैसे मात्र याच जूनमध्ये कोर्टातून हातात पडतील असं समजू नका. अर्ज चालू असतानाच्या शिक्षणखर्चाच्या मागणीवर नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाल द्यावा असं कलम 26 म्हणतं खरं, पण त्या 'शक्यतो'मध्ये खूप तारखा मावतात. म्हणून यंदापुरतं बोलून बघा. फी तर त्यांनीच भरायची आहे, ती तुमच्या हातात न देता थेट शाळेत भरायला सांगा, जुनी कररचना घेत असतील तर ट्युशन फीवर त्यांना आयकरात सूट मिळते, वह्या युनिफॉर्मवर ती कुणालाच मिळत नाही. हे कळलं की माणूस जरा मऊ होतो, मग खरेदीच्या वाट्याचं काढा. ठरलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लिहून घ्या.

एक गोष्ट करू नका. पैसे आले नाहीत म्हणून मुलांना भेटू देणार नाही, असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. भेटीचा हक्क आणि पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भेट अडवली तर उद्या कोर्टात जाब तुम्हालाच द्यावा लागेल आणि त्यांनी कापलेले पैसे बाजूलाच राहतील.

वकिलाच्या फीची काळजी तुम्ही लिहिलीये. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 नुसार बाईला मोफत वकील मिळतो, पगार कितीही असला तरी. जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसला जा किंवा 15100 ला फोन करा, जाताना डिक्रीची आणि कन्सेंट टर्म्सची सर्टिफाइड कॉपी, मुलांचे जन्मदाखले, तुमच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट न्या, ज्यात जूनची कमी आलेली रक्कम दिसेल.