सोन्याची खोली मोजताना अंगठी बाजूला ठेवा

प्रश्न : मी पर्थला असतो. सुट्टीत कालगुर्लीच्या बाजूला सोने शोधायला जातो. माझ्याकडे जीपीएक्स 5000 हे धातुशोधक यंत्र (मेटल डिटेक्टर) आहे, मित्राकडे जीपीएक्स 6000. घरामागे सोन्याची अंगठी हवेत धरून पाहिली, तर दोन्ही यंत्रांना ती जवळजवळ सारख्याच अंतरावरून कळली. रानात मात्र बारीक सोने मित्रालाच जास्त सापडते. असे का? खरी तुलना कशी करायची?
– एक वाचक, पर्थ

उत्तर : घोळ अंगठीचा आहे. अंगठी म्हणजे बंद कडे. त्यात वीज एकदा फिरू लागली की बराच वेळ फिरत राहते, त्यामुळे कुठल्याही यंत्राला ती सहज ऐकू येते. मातीतले नगेट, म्हणजे सोन्याचा नैसर्गिक खडा, ओबडधोबड, सच्छिद्र, चांदी मिसळलेले, कधी गारगोटीला चिकटलेले असते. त्यातला प्रवाह चटकन विरतो. तुमच्यासारखे पल्स यंत्र आधी विजेचा झटका देते, मग कॉइल (दांड्याच्या टोकाची, तारेच्या वेटोळ्याची चकती) शांत होईपर्यंत काही मायक्रोसेकंद थांबते आणि त्यानंतर ऐकते. 0.2 ग्रॅमचा कण तोवर गप्प झालेला असू शकतो. जे यंत्र लवकर ऐकू लागते, ते इथे बाजी मारते. अंगठीवर हा फरक दिसणारच नाही.

अंगठीऐवजी मासेमारीच्या शिशाचे तुकडे ठोकून चपटे करा : 0.2, 1 आणि 5 ग्रॅम. नगेटची नक्कल म्हणून शिसे बरेच जवळचे आहे. दोन्ही यंत्रांना 11 इंची मोनो कॉइलच (झटका देणारे आणि ऐकणारे वेटोळे एकच) लावा, नाहीतर यंत्रांऐवजी कॉइलची तुलना होईल.

तुकडा पुरून वरून माती लोटू नका. लोहमिश्रित जमिनीत उकरलेली जागाच आवाज देते. त्याऐवजी एक खड्डा खणा आणि त्याच्या भिंतीतून लांब सळईने आडवी भोके पाडा : जमिनीपासून 20, 25, 30 आणि 35 सेंमी खाली. प्रत्येक भोक निदान 60 सेंमी आत न्या, कारण खड्ड्याची कडही यंत्राला गोंधळवते. सळई काढून भोकात पीव्हीसी नळी सरकवा. बांबूच्या काटकीने शिसे आत ढकला. वरची माती जशीच्या तशी राहते, हेच या पद्धतीचे मोल.

एक यंत्र चालू असताना दुसरे पूर्ण बंद ठेवा, फोन गाडीत ठेवा. त्याच जागेवर ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वजा होईल असे यंत्र जुळवा. आधी रिकाम्या नळीवरून कॉइल फिरवा. तिथेच आवाज आला तर जागा बदला. मग दुसऱ्याने न सांगता दहा वेळा नळीत काटकी घालावी, कधी शिशासकट, कधी नुसतीच. ऐकणाऱ्याने पाठ फिरवून उभे राहावे. दहापैकी नऊ उत्तरे बरोबर आली तरच ती खोली मान्य करा. तुकडा कुठे आहे हे ठाऊक असले की प्रत्यक्षात नसलेला आवाजही कानाला ऐकू येतो.

शेवटी खड्डा नीट बुजवा.

निकाल पाहून निराश होऊ नका. वस्तू कॉइलच्या मानाने खोल असली, की संकेत अंतराच्या सुमारे सहाव्या घाताने घटतो : जाताना तिसरा घात, परतताना तिसरा. म्हणजे 30 सेंमीचे 33 करायला संकेत 1.77 पट हवा, 36 करायला जवळजवळ तिप्पट आणि 60 करायला 64 पट. म्हणून ‘दुप्पट खोल’ अशी जाहिरात दिसली की लक्ष कॉइल, जमीन आणि तुकडा यांकडे वळवा. उलट, चालताना कॉइल 4 सेंमी उचलून धरली तर ते 4 सेंमी सरळ हातचे गेले. नव्या यंत्राने मिळवलेले सगळे यातच संपू शकते.

प्रश्न : 18 इंची कॉइल घेतली तर खोली वाढेल ना?

उत्तर : मोठ्या नगेटसाठी वाढेल. बारीक सोने मात्र निसटेल, कारण मोठ्या कॉइलचे क्षेत्र पसरट असते आणि ती एका वेळी जास्त माती, म्हणजे जास्त गोंगाटही ऐकते. लोहाचे खडे जास्त असलेल्या जागी आधी 11 इंची डीडी कॉइल (झटका देणारे आणि ऐकणारे वेटोळे वेगळे) लावून पाहा : मोनोपेक्षा खोली थोडी कमी, पण शांत.

प्रश्न : 20 फुटांवरचे गुप्तधन दाखवणारे यंत्र विकायला आले आहे. कोकणात चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : घेऊ नका. वरचा सहाव्या घाताचा हिशेब पाहा : हातात धरायच्या यंत्राला 20 फुटांवरची नाणी कळत नाहीत. शिवाय जांभ्यात लोह भरपूर, त्यामुळे चांगले पल्स यंत्रही तिथे कुरकुरते. आणि भारतात 1878च्या गुप्तधनाच्या कायद्याने 10 रुपयांहून जास्त किमतीचे पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते.