'माजी'त माज नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. ते एका पक्षाचे जुने कार्यकर्ते. त्यांचे माजी तालुकाध्यक्ष एका सत्कार समारंभात म्हणाले, की सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथं राहू दे, आपण आता रस्ते, पाणी आणि पोरांच्या नोकऱ्या यांवर बोलूया. वाचकांना हे लागलं. त्यांनी उत्तर लिहायला घेतलं आणि पहिली ओळ लिहिली: 'माजी नेत्यांचे विचार ऐकले. माजी झालेल्यांच्या मताला आता काय किंमत?' शेजारी बसलेल्या मित्रानं हात धरला. म्हणाला, "माजी लिहू नको, माज आलेला असा अर्थ होतोय की. 'मा. नेते' लिही." तर बरोबर काय?

'माज आलेला तो माजी' हे मी खडेबाजारातल्या चहाच्या दुकानापासून लग्नाच्या मांडवापर्यंत ऐकत आलोय आणि दर वेळी डोकं फिरतं. ज्या बेळगावात १९२२ पासून मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे, ज्याच्या आसपासच्या गावांत घरटी नाही तरी गल्लीटी एक माजी सैनिक सापडेल, तिथं तरी या शब्दाची अशी विटंबना होऊ नये. 'माज' संस्कृत 'माद्यति'वरून आला, मद, उन्माद यांचा तो सख्खा भाऊ. ज्याला माज आहे तो माजोरी, नाहीतर माजलेला. 'माजी' असं विशेषण त्यापासून कुणी केलेलं नाही. उच्चारसुद्धा वेगळा. 'माज'मधला ज जमिनीतला आहे, 'माजी'तला जीवातला. मोठ्यानं म्हणून बघा.

'माजी' हा अरबी 'माद़ी', म्हणजे होऊन गेलेला. फारसीतून आपल्याकडे आला. आता सीमाभागात राहण्याचा एक फायदा सांगतो, जो पुण्याच्या कोशकारांना मिळत नाही. आपल्या बसस्टँडवरचं कन्नड वर्तमानपत्र उचला. तिथंही 'माजी शासक' (म्हणजे माजी आमदार), 'माजी मुख्यमंत्री' हेच. पण जोडी पाहा. मराठी 'आजी-माजी' म्हणते, कन्नड 'हाली-माजी' म्हणते. हाली म्हणजे आत्ताचा. 'हल्ली'मध्ये आपण तोच शब्द रोज बोलतो. आणि हाल व माजी ही जोडी मुळात राजकारणातली नाहीच, ती व्याकरणातली! फारसी-उर्दूच्या व्याकरणात माजी म्हणजे भूतकाळ, हाल म्हणजे वर्तमानकाळ. एखाद्या आमदाराला आपण 'माजी' म्हणतो तेव्हा त्याला क्रियापदासारखं भूतकाळात चालवतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

मग मराठीनं 'हाली' टाकून 'आजी' का घेतलं? काही जाणकार म्हणतात, 'आजी' हा नुसता यमकाचा शब्द, 'आजूबाजू'मधल्या आजूसारखा. मला हे साफ अमान्य आहे. 'आजू' एकटा कधी रस्त्यावर दिसतो का? 'आजी' दिसतो. 'आजी आमदारांनी पाच वर्षांत काय केलं?' असं लोक सहज विचारतात. यमकापुरत्या आलेल्या शब्दाला असं स्वतंत्र चालता येत नाही. ज्ञानेश्वरांच्या काळची मराठी 'आज'ला 'आजि' म्हणायची, संस्कृत 'अद्य'वरून. माझं मत असं, की तो जुना आजि परक्या माजीच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणून टिकला. ज्यांना हा निव्वळ ध्वनीचा खेळ वाटतो त्यांनी जुन्या मराठीची चार पानं वाचावीत आणि मग बोलावं.

पण खरी मौज पुढेच आहे. माजीतला ज हा अरबीतलं 'दाद' नावाचं अक्षर आहे. हे अक्षर इतकं खास, की अरब आपल्या भाषेला 'दादची भाषा' म्हणतात. इराण्यांनी त्याचा झ केला, आपण ज केला. एकदा हे कळलं की आपल्या तालुक्याचं सगळं सार्वजनिक आयुष्य या एका अक्षरावर उभं दिसतं: जिल्हा (मूळ अर्थ बरगडी, बाजू), अर्ज, हजर, जामीन, जप्त, कर्ज, काजी, मर्जी, राजी. उमेदवार अर्ज भरतो, अनामत जप्त होते, कार्यकर्ता कोर्टात हजर राहतो, त्याला जामीन मिळतो. आणि नेता राजीनामा देतो नि माजी होतो.

या राजीनाम्यावर जरा थांबायलाच हवं. 'राजीनामा' म्हणजे राजीखुशीनं लिहून दिलेला कागद. हिंदीत आजही राजीनामा म्हणजे तडजोडीचा लेख. पद सोडण्याला ते इस्तिफा म्हणतात. मग आपल्याकडे तो पदत्याग कसा झाला? माझ्या मते याचं उत्तर आपल्या शेतात आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, महसूलही मुंबईच्या १८७९ च्या कायद्यानं चाले. जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा, घेणारा कबुलायत. जमीन सोडण्याचा कागद पुढे खुर्ची सोडण्याचा झाला. कन्नडनंही तो अर्थ उचलला: 'राजीनामे कोट्टरु', पद सोडलं. पण त्याच कन्नडमध्ये नुसतं 'राजी' म्हणजे समझोता, आणि कोर्टाच्या आवारात 'राजी माडिकोंडरु' म्हणजे दाव्यात तडजोड केली. एकाच दादच्या पोटी एक भाऊ सोडून जाणारा, दुसरा जुळवून घेणारा. आमच्या वाचकांचा आपल्या माजी अध्यक्षांवरचा राग नेमका या दुसऱ्या भावावर आहे, असं त्यांचं पत्र वाचून वाटलं. शुद्धिवाद्यांनी इथं 'त्यागपत्र' आणि 'भूतपूर्व' बसवायचा खटाटोप केला. त्यागपत्र शब्द छान आहे, पण त्यात आपल्या शेताचा वास नाही. आणि 'भूतपूर्व आमदार' म्हटलं की मला तर त्या माणसाला श्रद्धांजली वाहिल्यासारखं वाटतं.

बरं, प्रश्नाकडे येतो. 'मा.' मुळीच लिहू नका. आपल्या चौकाचौकांतल्या फलकांवर 'मा. आमदार' असतं, आणि वाचणाऱ्यानं माननीय समजायचं की माजी, याला काही धरबंध उरलेला नाही. 'माजी नेते'ही सैल आहे. माजी पदाला लागतं: माजी सरपंच, माजी महापौर. नेता हे पद नाही, म्हणून 'माजी तालुकाध्यक्ष' असं पुरतं लिहा. आणि ती दुसरी ओळ काढा. अध्यक्षांची खुर्ची माजी झाली, मत नाही. जे मत त्यांनी परवाच्या समारंभात मांडलं ते आजी मत आहे आणि उत्तरही त्यालाच द्यायचं आहे. सुरुवात अशी करा: 'आमचे माजी तालुकाध्यक्ष म्हणतात, सीमाप्रश्न कोर्टात राहू दे. मला ते मान्य नाही, कारण...' त्या 'कारण'च्या पुढचं मला वाचायला पाठवा. प्रश्नाबरोबर तुम्ही तेवढं पाठवलंच नाही.