'सुशी खाल्लेली आहे' जपानीत कसं म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की 'किनोओ सुशी ओ ताबेता कोतो गा आरु' (काल मी सुशी खाल्लेली आहे) असं लिहिलं तर सरांनी 'किनोओ'वर लाल काट मारली, का?

सरांचं बरोबर आहे, पण चूक अस्सल मराठी आहे बरं का. 'ताबेता' म्हणजे खाल्लं, 'कोतो' म्हणजे गोष्ट, 'गा आरु' म्हणजे आहे. थोडक्यात 'सुशी खाल्ल्याची गोष्ट खात्यावर जमा आहे'. कधी खाल्ली हा मुद्दाच नाही, आयुष्यात एकदा तरी झालंय एवढंच. म्हणून काल, परवा, आज सकाळी असलं काही जवळ आलं की साधा भूतकाळ, 'किनोओ सुशी ओ ताबेता', विषय संपला. 'लहानपणी' मात्र चालतं, कारण तो काळ ऐसपैस आहे.

आपली गोची अशी की आपलं '-लेलं आहे' सगळीकडे घुसतं. 'नको गं, मी कालच खाल्लेली आहे' आपण बिनधास्त म्हणतो, आणि 'दार उघडलेलं आहे' यातही तेच रूप, पण तिथे अनुभव वगैरे काही नाही, दार आत्ता उघडं आहे एवढंच, आणि त्याला जपानीत 'दोआ गा आइते इरु' असं वेगळंच म्हणतात. त्यामुळे '-लेलं' दिसलं की 'ता कोतो गा आरु' चिकटवायचं नाही.

अजून एक, आधीचं क्रियापद भूतकाळातच हवं. 'देन्शा गा ओकुरेता कोतो गा आरु' म्हणजे ट्रेन लेट झाल्याचा प्रकार घडलेला आहे, आणि 'ओकुरेरु कोतो गा आरु' म्हटलं की ट्रेन अधूनमधून लेट होते. एका 'ता'चा फरक.

उत्तर देतानाही गडबड होते. 'फुजिसान नि नोबोत्ता कोतो गा आरिमास का' (फुजी डोंगर चढलायत का कधी; 'आरिमास' हे 'आरु'चंच आदबीचं रूप) असं विचारलं की मी कितीतरी दिवस 'हाय, नोबोरिमाशिता' म्हणायचो, म्हणजे 'हो, चढलो'. समजतं त्यांना, पण प्रश्न 'आरिमास का' आहे तर उत्तरही 'हाय, आरिमास'. नसेल चढलात तर 'इइए, आरिमासेन'.

आणि नात्तो (ते आंबवलेलं, तार सुटणारं सोयाबीन) खाल्लंय का असं परदेशी माणसाला हमखास विचारतात, तेव्हा 'गा'च्या जागी 'वा' टाका: 'ताबेता कोतो वा आरिमास केदो...' आणि वाक्य तिथेच सोडून द्या. खाल्लंय म्हणा, पण... पुढचं समोरचा समजून घेतो आणि वाटी परत घेतो.